दाढीआधी काय, दाढीनंतर काय? (बुळबुळीत, गुळगुळीत आणि जळजळीत)

अर्धा_गाल
मंडळी, दाढी करायला लागून वीस वर्षं उलटली आणि गळा अजून ऐकत नाही. गालांची काही तक्रार नसते. जबड्याखाली, त्यातही कंठमण्याच्या डाव्या बाजूला, दाढी झाल्यावर तासाभरात चुरचुर सुरू होते आणि दुपारपर्यंत लाल ठिपके उठतात. कॉलरचं बटण लावलं की संपलंच.

यावर माणूस जे करतो तेच मी केलं, म्हणजे वस्तू जमवत गेलो. सध्या कपाटात दोन प्रकारची शेव्हिंग तेलं, एक जेल, एक क्रीमची ट्यूब, दाढीचा गोल साबण आणि तीन बाम आहेत. रोजचा क्रम असा: तोंड धुतो, तेलाचे चार-पाच थेंब चोळतो, त्यावर ब्रशने साबणाचा भरपूर फेस. दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर. वरून खाली एक सुलटा हात, मग खालून वर उलटा हात. शेवटी बोटांनी चाचपून जिथे खरखरीत लागेल तिथे साफसफाई. तुरटी. बाम.

प्रश्न तीन. तेल घालणं बरोबर आहे का? साबण, क्रीम, जेल यांत खरा फरक काय? आणि गळा शांत करणारा बाम नेमका कसा निवडायचा? कृपया ब्रँडची नावं नकोत, त्याच वाटेने कपाट भरलंय. आत काय असावं ते सांगा.

निवांत
वाचतोय. माझाही गळाच.

मोरपीस
"भरपूर फेस" वाचून हसू आलं. माझ्या भावाच्या चेहऱ्यावर एवढा फेस असतो की माणूस दिसत नाही, आणि तरी रोज दोन ठिकाणी कापलेलं.

रसायन
तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न आहे: पाणी किती वेळ?

दाढीचा कोरडा केस चिवट असतो. तो आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी पिऊ शकतो. पाणी आत गेलं की केसाच्या प्रथिनातले काही बंध सैलावतात, केस जाडीला फुगतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात. तोंडावर पाण्याचे दोन हबके मारून हे होत नाही. पाणी कोमट असेल तर लवकर भिजतो, कढत पाण्याने मात्र कातडीच आधी लाल होते. म्हणून आंघोळीनंतर दाढी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी उपाय.

आता तुमचा क्रम बघा. तोंड धुतलं की लगेच तेल. तेलाचा थर केसावर बसला की मागाहून येणारं पाणी आत जायला अडतं. त्यात तेल हे फेसाचं वैरी. कारखान्यांमध्ये नको असलेला फेस मारायला तेलकट पदार्थच वापरतात. तुम्ही तेल चोळून त्याच जागी ब्रश फिरवता तेव्हा साबणाचा बराचसा जोर ते तेल सोडवण्यातच खर्च होतो. वर फेस भरपूर दिसतो, पण पात्याखाली जो थर हवा तो विरळ झालेला असतो.

मुद्दा हाच. पातं फेसातून चालत नाही, फेसाखालच्या पातळ ओल्या थरावरून चालतं. फेसाचं काम त्या थराला पाणी पुरवत राहणं, केस ओला ठेवणं आणि कुठे हात फिरला, कुठे राहिला ते दाखवणं. फेसाची उंची बघण्यासारखी असते, कामाची नसते. बोटांमध्ये घेऊन चोळा. बुळबुळीत लागला तर चांगला. हवेशीर, कोरडा, चुरचुर आवाज करणारा असेल तर कितीही मोठा डोंगर असला तरी उपयोग नाही.

शंकासुर
मग बुळबुळीत कसा करायचा? माझा साबण नेहमी डोंगरच देतो.

रसायन
पाणी कमी पडतंय. ब्रशचं फक्त टोक पाण्यात बुडवून आठ-दहा थेंब घ्या आणि गालावरच घोळवा, पुन्हा थेंब, पुन्हा घोळवा. मोठे बुडबुडे बसतात, फेस दबतो आणि त्याच्यावर ओल्या रंगासारखी चमक येते. तिथे थांबायचं. त्याच्या पुढे गेलात तर ओघळायला लागतो, तेवढं कळतंच. पहिल्या वेळी मुद्दाम जास्त पाणी घालून बिघडवून बघा, हद्द कुठे आहे ते हाताला समजतं.

उलटा_हात
तेलाबद्दल असहमत.

मी दाढी राखतो, फक्त कडा आखतो. फेस लावला की कडा दिसतच नाही. म्हणून गेली काही वर्षं निव्वळ तेल, फेस अजिबात नाही. केस चांगला भिजवतो, ओल्या कातडीवरच तेलाचे तीन थेंब, आणि पातं दर दोन फटक्यांनी नळाखाली. कातडी दिसते, तीळ दिसतो, कल्ल्याची रेघ सरळ येते. आग होत नाही. तेव्हा तेल वाईट असं सरसकट म्हणू नका.

रसायन
@उलटा_हात, तुमचं बरोबर आहे आणि आपलं भांडण नाही. भिजवलेल्या कातडीवर नुसतं तेल हा एक पूर्ण उपाय आहे. साबणाचा फेस हाही एक पूर्ण उपाय आहे. दोन्ही एकावर एक घातले की एकमेकांचं काम बिघडवतात. काहींना तेलावर फेस मानवतो, कारण त्यांचं क्रीम तेवढं तेल पचवून घेतं. पण ज्याला आधीच त्रास होतोय त्याने एका वेळी एकच धरावं, म्हणजे दोषी कोण ते कळेल.

तेलाच्या दोन मर्यादा. तीन-चार-पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पात्यांमधली फट अरुंद असते, तिथे केस आणि तेलाचा लगदा अडकतो आणि नुसत्या पाण्याने सुटत नाही. दुधारी ब्लेडला हा त्रास कमी. दुसरं, घट्ट तेलाचा थर टिकतो पण रेझरला ओढल्यासारखं करतो, पातळ तेल छान सरकतं पण लवकर पुसलं जातं. म्हणून बहुतेक शेव्हिंग तेलांत एरंडेलासारखं घट्ट आणि द्राक्षबियांसारखं पातळ यांचं मिश्रण असतं.

मोरपीस
तिसरी मर्यादा: फरशी. मी पायांसाठी तेल वापरून बघितलं आणि न्हाणीघरात अशी घसरले की कोपराला महिनाभर काळानिळा डाग होता. तेव्हापासून तेल बंद.

पायांसाठी मी केसांचा कंडिशनर वापरते. हसू नका. नडगीवर तैलग्रंथी कमी असतात, तिथे साबणाने कातडी पांढरी पडते. कंडिशनर फेसाळत नाही पण पातं त्याच्यावरून छान सरकतं, आणि धुतल्यावर कोरडं वाटत नाही. चेहऱ्यावर चालेल का ते माहितगारांनी सांगावं.

रसायन
चालतो. कंडिशनरमधले घटक धनभारित असतात, ओल्या केसाला चिकटून त्याला मऊ करायला ते खास बनवलेले. पण साबणाबरोबर वापरू नका. साबण ऋणभारित. दोघं भेटले की एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि कुणाचंच काम होत नाही. ज्यांच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात त्यांनी जपून, कंडिशनर नीट धुतला गेला नाही तर रंध्रं तुंबल्यासारखी होतात.

बिनफेसाची जी शेव्हिंग क्रीमं मिळतात (ब्रश न लागणारी, बोटांनी चोळायची) ती स्वभावाने कंडिशनरच्या जवळची. कोरड्या आणि हुळहुळ्या कातडीला ती बरीच मानवतात. अर्धा_गाल, तुमच्या यादीत तेवढी एकच वस्तू नाही!

अर्धा_गाल
आता तीही आणायला लावू नका :)

निवांत
डब्यातल्या फोमला सगळे नावं का ठेवतात? मला तर सोपा वाटतो.

रसायन
नावं ठेवण्याइतका वाईट नाही. आत साबणच असतो, पोटॅशियमऐवजी बहुतेक वेळा ट्रायइथेनॉलअमाइनने केलेला. ब्यूटेन-प्रोपेन घराण्यातला वायू त्याला बाहेर ढकलतो आणि फुगवतो. म्हणजे तुम्ही हातात घेता त्यात बराचसा वायूच. पाणी कमी, थर पातळ. घाईत चालून जातं. लावल्यावर ओल्या हाताने अर्धा मिनिट चोळलात तर निम्मा फरक भरून निघतो.

जेलची गंमत वेगळी आहे. त्यात आयसोपेंटेन असतो. तो साधारण २८ अंश सेल्सिअसला उकळतो. डब्यातून जेल बाहेर येतं, तळहाताची ऊब मिळते, आयसोपेंटेन उकळतो आणि डोळ्यांदेखत फेस होतो. दिसायला जादू, पण फायदाही खरा आहे: चोळताना ते केसांच्या मुळाशी जातं आणि फेस तिथे तयार होतो. शिवाय बहुतेक जेलांत पाण्यात बुळबुळीत होणारे पॉलिमर घालतात. कार्ट्रिजवर जी रंगीत पट्टी असते तीही तशीच: पॉलीइथिलीन ऑक्साइड, पाणी लागलं की विरघळून निसरडं होतं. अशी पट्टी १९८५ मध्ये जिलेटच्या आट्रा प्लसवर आली आणि मग सगळ्यांनीच घेतली. पट्टीचा रंग गेला म्हणजे पातं बोथट झालं असं समजू नका, पट्टी फक्त विरघळलेली असते.

शंकासुर
साबण की क्रीम हे राहिलंच.

रसायन
खरं तर दोन्ही एकच. चरबी किंवा तेल अधिक अल्कली. पोटॅशियमने केला की मऊ आणि पाण्यात पटकन विरघळणारा साबण होतो, सोडियमने केला की टणक. क्रीममध्ये पोटॅशियम आणि पाणी जास्त, वडीत दोन्हींचं मिश्रण. अंगाच्या साबणात मुख्यतः सोडियम असतो, म्हणून त्याने दाढी केली तर फेस लगेच सुकतो.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. दाढीच्या साबणाच्या यादीत वरच्या पाच-सहात स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसावं. हायड्रॉक्साइड वाचून दचकू नका, नीट बनवलेल्या साबणात ते सुटं उरत नाही, चरबीशी मिळून साबण झालेलं असतं. स्टिअरिक आम्ल फेसाला टिकाऊ आणि दाट करतं. नारळतेलाचा साबण झटकन मोठे बुडबुडे देतो पण कातडी कोरडी पाडतो, तो थोडाच बरा. ग्लिसरीन हवंच, ते पाणी धरून ठेवतं. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ) किंवा शिया बटर असेल तर पात्यानंतरही कातडीवर निसरडेपणा राहतो. लॅनोलिनची काहींना अॅलर्जी असते, तेवढं बघा.

वडी टिकते, क्रीम सोपं. यापलीकडे फरक शोधत बसू नये असं माझं मत. ब्रश पाण्याशी किती जमवून घेतो यावर जास्त अवलंबून आहे.

निवांत
आमच्याकडचं पाणी खारट आहे. फेस होतच नाही, भांड्याच्या कडेला पांढरी साय राहते.

मोरपीस
दुष्फेन पाणी! शाळेत विज्ञानात पाठ केलेला शब्द, आज पहिल्यांदा कामी आला.

रसायन
अगदी. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतात, न विरघळणारा कॅल्शियम स्टिअरेट होतो, तीच ती पांढरी साय. तेवढा साबण वाया. तो चिकटा कातडीवर बसला की निसरडेपणा जातो आणि नंतर खाजही येऊ शकते.

उपाय सोपा आहे. फेस करायला पाव पेला शुद्ध केलेलं पाणी पुरतं, ब्रशही त्यातच भिजवा. ते नसेल तर साबण दुप्पट घ्या. यादीत ईडीटीए असलेला साबण अशा पाण्यात जास्त तग धरतो, कारण ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं. कुणी पाण्यात सायट्रिक आम्लाची चिमूट घालायला सांगतात. चालतं, पण ती खरंच चिमूटच असावी. आम्ल जास्त झालं तर साबणच फुटतो.

जुनापाना
उघड्या वस्तऱ्याने दाढी करतो, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो. सगळ्यांनी साबणाची चिरफाड केली, पण मूळ धाग्यातलं एक वाक्य कुणी पकडलं नाही. "शेवटी बोटांनी चाचपून जिथे खरखरीत लागेल तिथे साफसफाई."

अहो, तिथेच गळा सोलला जातो.

दोन हात झाले, फेस संपला, तोंडावर नुसता ओलावा. अशा वेळी त्याच जागी चार-पाच वेळा घासणं म्हणजे काय ते तुमचा गळाच सांगतोय. पातं केसाबरोबर कातडीचा वरचा कोरडा थरही खरवडतं, आणि त्या थराशिवाय कातडी पाणी धरू शकत नाही. मग त्याच्यावर कुठलाही बाम लावा, आग होणारच.

नियम एकच: ज्या जागी पातं जाणार त्या जागी थर हवा. तिसरा हात मारायचा तर फेस तिसऱ्यांदा लावा. ब्रशमध्ये फेस उरलेला असतोच. चांगल्या साबणाची परीक्षाही इथेच. पातं फिरून गेलेल्या जागेवर ओलं बोट फिरवा. अजून निसरडं लागलं तर साबण चांगला. बोट अडलं तर पुन्हा फेस लावल्याशिवाय पातं नेऊ नका.

दुसरं: गळ्यावर "वरून खाली म्हणजे सुलटा" हे कुणी सांगितलं? दोन दिवस दाढी करू नका आणि कोरड्या बोटाने गळा चाचपा. ज्या दिशेला बोट गुळगुळीत जातं ती सुलटी. बऱ्याच लोकांच्या गळ्यावर केस आडवे असतात, काहींना भोवरा असतो.

तिसरं: तुरटी आहे ना तुमच्याकडे? ती बोलते. ऐका.

अर्धा_गाल
तुरटी बोलते म्हणजे?

जुनापाना
दाढी झाल्यावर थंड पाण्याने तोंड धुवा, ओली तुरटी सगळीकडे सारखी फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. जिथे झोंबते तिथे पात्याने कातडी सोलली आहे. जिथे झोंबत नाही तिथे तुमचं काम नीट झालं. तीन दिवस ओळीने बघा, झोंबणारी जागा एकच निघते का. नंतर तुरटी धुऊन टाका, तशीच ठेवली तर कातडी ओढल्यासारखी होते आणि वरचा बाम चिकट वाटतो.

रक्त थांबवायला म्हणून आपण तुरटी ठेवतो, पण माझ्या लेखी तिचा खरा उपयोग हा.

उलटा_हात
+१. "तुरटी बोलते" हे आरशावर लिहून ठेवतो.

कुरळे_केस
एक गोष्ट सांगायलाच हवी. अर्धा_गाल, तुमचे लाल ठिपके नुसती आग आहे की टोकाला केस अडकलेला दिसतो? भिंगाने बघा.

माझे केस कुरळे. जितकी गुळगुळीत दाढी, तितका जास्त त्रास. केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला की वाढताना वळून आतच घुसतो, किंवा बाहेर येऊन पुन्हा कातडीत शिरतो. मग शरीर त्याला काट्यासारखं वागवतं: फोड, पू, काळा डाग. एकाहून अधिक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस ओढतं आणि तो मागे जायच्या आत दुसरं कापतं, म्हणून केस आणखी खाली जातो. मी पाच वर्षं एकाहून एक महाग बाम लावले. काही उपयोग नाही. कारण बाम वरून, केस आतून.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: कातडी ताणू नका, उलटा हात बंद, एकच हात, आणि शक्यतो ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवा. रात्री सॅलिसिलिक आम्लाचं सौम्य लोशन, तेही दाढीच्या लगेच नंतर नाही. चार महिन्यांत गळा निवळला. गुळगुळीत गाल गेले, पण मला कॉलरचं बटण लावता येतं.

पुवाचे फोड असतील, पसरत असतील, तर इथे विचारण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा. जंतुसंसर्ग वेगळा असतो आणि तो बामाने जात नाही.

अर्धा_गाल
भिंगाने बघितलं. दोन-तीन ठिकाणी केस अडकलेला आहे, बाकी नुसतं लाल. धन्यवाद, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

पण बामाचं कुणीतरी सांगा ना. तीन डबे पडलेत.

रसायन
तिन्हीच्या यादीतले पहिले दहा घटक इथे टाका.

अर्धा_गाल
पहिला: पाणी, अल्कोहोल, ग्लिसरीन, सुगंध, मेन्थॉल... पुढे बरीच रासायनिक नावं.
दुसरा: पाणी, शिया बटर, मेण, खनिज तेल, लॅनोलिन, सुगंध...
तिसरा: पाणी, ग्लिसरीन, सिटाइल अल्कोहोल, डायमेथिकोन, पॅन्थेनॉल, अॅलन्टॉइन, नायसिनामाइड... यात सुगंध नाही. हाच सगळ्यात कमी वापरतो, कारण लावल्यावर काहीच वाटत नाही.

रसायन
"काहीच वाटत नाही" हीच चांगल्या बामाची खूण आहे! लोक बामाकडून काहीतरी जाणवावं अशी अपेक्षा करतात आणि कंपन्या ती पुरवतात.

पहिला घ्या. मेन्थॉल कातडी थंड करत नाही. कातडीतल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारा एक संवेदक असतो, त्याला मेन्थॉल नुसतं चेतवतं. उष्णता ओळखणारा दुसरा संवेदक एरवी ४२ अंशांच्या आसपास जागा होतो. अल्कोहोलमुळे त्याची मर्यादा सुमारे ३४ अंशांवर उतरते, म्हणजे जवळपास कातडीच्याच तापमानावर. म्हणून अल्कोहोल लावलं की भाजल्यासारखं वाटतं: शरीर स्वतःच्याच उबेला आग समजतं. अशा संवेदकांच्या शोधासाठी २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना मिळालं. म्हणजे तुमचा पहिला डबा एकाच वेळी आग आणि गारवा दोन्हींचा भास करून देतो, आणि खरं काम करतं ते तिसऱ्या क्रमांकाचं ग्लिसरीन. तेलकट, न सोललेल्या कातडीला असा बाम चालतो. तुमच्या गळ्याला नाही.

दुसरा डबा म्हणजे झाकण. मेण, खनिज तेल, लॅनोलिन पाणी उडून जाऊ देत नाहीत. कोरड्या हवेत, कोरड्या कातडीला उत्तम. ज्याचे केस आत अडकतात त्याने रोज गळ्यावर एवढा जाड थर देऊ नये असं मला वाटतं.

तिसरा तुमचा. ग्लिसरीन पाणी ओढतं, डायमेथिकोन चिकट न होता हलकं झाकण घालतं, पॅन्थेनॉल आणि अॅलन्टॉइन शांत करतात. सिटाइल अल्कोहोल नाव वाचून घाबरू नका, ते जळजळणारं अल्कोहोल नव्हे, मेणासारखा मऊ पदार्थ आहे. कातडी ओलसर असतानाच लावा, वाटाण्याएवढा पुरे.

शंकासुर
आणि "नैसर्गिक" लिहिलेले? माझ्याकडे सगळं वनस्पतींच्या अर्कांचं आहे.

रसायन
कातडीला नैसर्गिक-कृत्रिम कळत नाही. लिंबूवर्गीय आणि लव्हेंडरसारख्या सुगंधी तेलांतले लिमोनीन, लिनालूल हवेशी संयोग पावले की अॅलर्जी करणारे पदार्थ तयार होतात. म्हणजे डबा जितका जुना तितका धोका जास्त. उलट प्रयोगशाळेतलं मेथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षकही (वस्तू खराब होऊ नये म्हणून घालतात ते) तितकंच बदनाम. अमेरिकेतल्या त्वचा-अॅलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला "वर्षातला अॅलर्जीकारक" ठरवलं होतं. सोललेल्या कातडीवर दोन्हीही त्रास देऊ शकतात.

नवीन काहीही कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडा-दहा दिवस लावून बघा. धुऊन टाकायची वस्तू असेल तर एरवी जेवढा वेळ ठेवता तेवढाच वेळ ठेवून धुवा.

मोरपीस
दहा दिवस? मी दहा सेकंदसुद्धा थांबत नाही. आता थांबेन.

जुनापाना
ब्लेडचंही एक बोला. थर कितीही निसरडा असला तरी तुटक्या धारेला तो वाचवत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असलेला केससुद्धा पात्याच्या धारेचे बारीक टवके काढतो, केस वाकला आणि धारेला विशिष्ट ठिकाणी भिडला की. म्हणजे धार फक्त झिजत नाही, तुटते. पाच-सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला. ओढल्यासारखं वाटलं तर त्याआधीच.

निवांत
मी महिना काढतो एका ब्लेडवर. (मान खाली.)

अर्धा_गाल
धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले, हिशोब देतो.

तुरटी तीन दिवस ऐकली. तिन्ही दिवस एकाच जागी झोंबली: कंठमण्याच्या डाव्या बाजूला, तळहाताएवढ्या पट्ट्यात. गालांवर काहीच नाही. मग दोन दिवस दाढी न करता बोट फिरवलं. तिथले केस खाली जातच नाहीत, कानाच्या दिशेने आडवे जातात. वीस वर्षं मी त्या जागी सुलटा समजून पहिला हातच केसांना आडवा मारत होतो, आणि मग उलटा समजून दुसराही केसांना आडवाच, वर कोरडी साफसफाई. गळ्याने एवढी वर्षं सहन केलं हेच आश्चर्य.

आता तेल बंद. आंघोळीनंतर दाढी. फेसात एरवीच्या दुप्पट पाणी. पहिल्या दिवशी सगळा फेस छातीवर ओघळला, पण चौथ्या दिवसापासून हाताला समजलं. गळ्यावर फक्त एक हात, तो केसांच्या दिशेने. राहिलेलं राहू देतो. तिसरा बाम. नवीन काहीही विकत घेतलेलं नाही, हे बायकोला विशेष आवडलं.

ठिपके पूर्ण गेले नाहीत. आठवड्यात एक-दोन उठतात, बहुधा ज्या दिवशी बैठक असते आणि मी चोरून उलटा हात मारतो त्या दिवशी. गळा हाताला थोडा खरखरीत लागतो. लांबून दिसत नाही.

पहिला डबा मेव्हण्याला दिला, त्याला झोंबलेलं आवडतं. दुसरा पायांच्या भेगांना लावतो, तिथे तो फारच गुणाचा निघाला.

कुरळे_केस
बैठकीच्या दिवशीही चोरू नका. बाकी छान.

शंकासुर
आणि दोन बाटल्या तेलाचं काय केलंत?

अर्धा_गाल
सेफ्टी रेझरच्या दांड्याचे आटे करकरत होते, तिथे दोन थेंब सोडले. आता झकास फिरतो.

रसायन
द्राक्षबियांचं असेल तर काही महिन्यांत हवेने घट्ट होऊन तिथेच चिकटेल. साबणाच्या पाण्याने धुऊन काढा.